एका नंबरवरची माणसं

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज सोसायटीच्या सभेत चेअरमन इंद्रजितने चारचौघांत माझा पाणउतारा केला. पार्किंगमधून दोन सायकली गेल्या, बी विंगच्या गच्चीवरचे पितळी नळ गेले, त्यावर चर्चा चालली होती. कुणी म्हणे कॅमेरे वाढवा, कुणी म्हणे वॉचमन बदला. मी उठून सांगितलं की आपल्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद होते, तशी शेजारच्या सोसायट्यांतही होते, पण या नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत. म्हणून एका गेटवरून हाकललेला माणूस दुसऱ्या गेटवर सलाम ठोकून आत शिरतो. त्या जोडा. इंद्रजित मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "काका, डेटाबेस म्हणजे एक्सेलची शीट नसते. राहू द्या."

लोक हसले.

वाशीमला आमच्या बँकेच्या सगळ्या शाखा मी खतावण्यांतून संगणकावर आणल्या, तेव्हा हा इंद्रजित पाळण्यात असेल. मी तसं सुनावलं. तर म्हणाला, "मग करा की तुम्हीच. तुमचाही वेळ जाईल." पुन्हा हसले. निषाद माझ्या शेजारीच बसला होता. पोटचा मुलगा, तोही हसला. घरी येताना विचारलं तर म्हणतो, खोकला आला होता.

बायकोला, नलिनीला, सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "जेवून घ्या."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी सगुणाबाई पुन्हा अर्धा तास बसली. ही आमची दूधवाली. पुण्याजवळच्या या सूसच्या जुन्या गावातली, स्वतःच्या म्हशी, नांद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला घर, घरामागे ओळीने खोल्या काढून भाड्याने दिलेल्या. खाऊन-पिऊन सुखी बाई, मुलगा कैलास विहिरीचं पाणी टँकरने विकतो, तरी ही किटली घेऊन सोसायट्या हिंडते. बरं, माप घातल्यावर निघायचं ना? नाही. ती उंबऱ्याबाहेर बसकण मारते, नलिनी आतल्या बाजूला पाट घेते, आणि दोघींचं काहीतरी चालू होतं. मी गेलो की थांबतं.

आज पेपर उचलायला गेलो तर म्हणाली, "भाऊ, दिसभर घरातच असता, पाय धरत न्हाईत का तुमचं?" मी पेपर उचलला. नलिनी हसली. तिला बऱ्याच महिन्यांनी हसताना पाहिलं, आणि तेही माझ्यावर.

निषाद म्हणतो, वाशीम सोडून इकडे आल्यापासून आई बोलायची बंद झाली. माझ्याशी ती तिकडेही फार बोलत नसे, त्यामुळे मला फरक जाणवलेला नाही.

इंद्रजितने सोसायटीच्या डेटाबेसचा पासवर्ड पाठवला. खाली एक ओळ: "खर्च मंजूर होणार नाही." म्हणजे यंत्रही माझंच. निषादचा जुना लॅपटॉप बाल्कनीतल्या टेबलावर मांडला आहे. क्षितिजाला, म्हणजे सुनेला, कपडे वाळत घालायला अडचण होते म्हणे. होऊ दे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

डेटाबेसमध्ये बाहेरची माहिती दोन तऱ्हांनी आणता येते. एक तर तिची नक्कल काढून आपल्याकडे ओतायची. पण नक्कल आज काढली की उद्या शिळी. दुसरी तऱ्हा मला आवडते. परका तक्ता जोडायचा. माहिती तिच्या घरीच राहते, शेजारच्या सोसायटीच्या संगणकावर. आपण इथून प्रश्न विचारला की दर वेळी तिकडून ताजं उत्तर येतं आणि आपल्या घरचंच असल्यासारखं आपल्या तक्त्यांशेजारी बसतं. जोडणाऱ्याला मात्र त्या घरची किल्ली लागते.

आणि किल्ली कुणी देत नाही. टेकडीखालच्या सोसायटीचा मॅनेजर ऋषिकेश म्हणाला, "आमच्या लोकांची माहिती तुम्हाला का देऊ?" मी म्हणालो, तुमच्या लोकांची नकोच, तुमच्याकडे बाहेरून येणाऱ्यांची द्या. तो लगेच मऊ झाला. बाहेरून येणाऱ्यांची द्यायला कुणाचीच हरकत नसते, हे आज कळलं. उरलेल्या दोन सोसायट्यांनीही याच वाक्यावर पासवर्ड दिले.

नलिनीने विचारलं, "कोणासाठी करता आहात हे?" मी म्हणालो, सोसायटीसाठी. ती तांदूळ निवडत राहिली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

चार दिवस नुसती हमाली. एका सोसायटीत तारीख आधी, महिना मागून. दुसरीत उलटं. तिसरीच्या नोंदी ऋषिकेश महिनाअखेरीला रजिस्टरवरून टंकतो, त्यात पान उडालं असेल तर दिवसच उडाला. जोडणी मध्येच तुटते. सूसला वीज कधी जाईल ते सांगता येत नाही आणि इंटरनेट तर वाऱ्यावर आहे.

मुख्य प्रश्न होता की इकडचा माणूस आणि तिकडचा माणूस एकच आहे, हे ओळखायचं कशावरून. नावावरून नाही. नाव कुणीही काहीही सांगतो, वॉचमन ऐकेल तसं लिहितो. गेटवर राजू नावाचे किती आहेत ते मोजायचंही मी सोडून दिलं. मोबाइल नंबरवर जोडायचं ठरवलं. बँकेत खातेक्रमांक असायचा तसा. माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही.

आणखी एक रकाना डोकं खात होता. ज्याला आत घ्यायचं नाही त्याच्या नावापुढे प्रत्येक सोसायटी काळी खूण करते आणि पुढे कारण लिहिते. ते कारण कुणी मराठीत, कुणी हिंदीत, कुणी इंग्रजी अक्षरांतल्या हिंदीत, कुठे नुसती फुली. त्या खिचडीपायी जोडणी दर वेळी अडायची. शेवटी तो रकाना वगळला. गेटवरच्या वॉचमनला लाल की हिरवा एवढं कळलं की पुरे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मिळाले. चोर मिळाले.

चारही तक्ते आज पहिल्यांदा एकत्र बोलले. एकाच मोबाइल नंबरवर एकतीस माणसं निघाली. रंगारी, फरशीवाले, दोन प्लंबर, इस्त्रीवाला, ड्रायव्हर, काही बायका. एकाच नंबरवरून चारही सोसायट्यांत यांची ये-जा आहे, आणि टेकडीखालच्या सोसायटीने याच नंबरला दिवाळीआधी काळी खूण केलेली आहे. तरी आमच्याकडे बिनदिक्कत चालू. याला टोळी म्हणत नाहीत तर काय?

नावं मी वाचत बसलो नाही. नावांवर माझा विश्वास नाही हे वर लिहिलंच आहे.

इतका आनंद झाला की निषादच्या ऑफिसात फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. नलिनीला सांगायला स्वयंपाकघरात गेलो तर ती खाली बागेत गेली होती. हल्ली दुपारी बागेतच असते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

इंद्रजित घरी आला. पहिल्यांदाच. बाल्कनीत उभा राहून त्याने सगळं पाहिलं आणि म्हणाला, "सर, हे जबरदस्त आहे." सभेत मी काका होतो. चहा घेताना त्याने ठरवूनच टाकलं: काळी खूण असलेल्या नंबरचा माणूस गेटवर आला की वॉचमनच्या टॅबवर लाल पट्टी, आणि लाल म्हणजे चारही गेटं बंद. आणखी पाच सोसायट्या यायला तयार आहेत म्हणाला.

नलिनीने चहा दिला आणि आत गेली. इंद्रजित म्हणाला, "काकू बोलत नाहीत का फारशा?" मी म्हणालो, पहिल्यापासून अशीच आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

क्लब हाउसमध्ये माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. इंद्रजितने भाषणात मला "आपल्या सोसायटीची तिजोरी" म्हटलं. निषादने फोटो काढले. या वेळी त्याला खोकला आला नाही. उद्या सकाळपासून लाल पट्टी सुरू.

नलिनीला बरं वाटत नव्हतं म्हणून ती आली नाही. परत आलो तर सगुणाबाईने दिलेल्या खरवसाची वाटी समोर घेऊन बसली होती. बरी दिसत होती.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी दूध आलं नाही. नलिनी दोनदा बाल्कनीत जाऊन आली. मग म्हणाली, "गेटवर सगुणाबाई उभ्या आहेत. आत सोडत नाहीत त्यांना." मी म्हणालो, असेल काही. ती चपला घालून निघाली तसा मीही उतरलो.

वॉचमन मनीषने टॅब माझ्यापुढे धरला. "अंकल, लाल आ रहा है. मैं क्या करूँ?" बिचारा घाबरलेला होता. नियम त्याला मीच शिकवला होता.

सगुणाबाईच्या किटल्या खाली ठेवलेल्या होत्या. ती ओरडली नाही. मला म्हणाली, "भाऊ, मी काय केलंय, येवढं सांगा."

मी समजावलं की तुम्ही काही केलेलं नाही, तुमच्या नंबरला खूण आहे.

"मंग नंबरला आडवा. मला का आडवताय?"

मी मनीषला म्हणालो, तपास होईपर्यंत नियम म्हणजे नियम. नाहीतर उद्या प्रत्येक जण कुणाच्या तरी ओळखीचा निघेल. सगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं, किटल्या उचलल्या, आणि पलीकडच्या गेटाकडे गेली. तिथेही लाल असणार, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

नलिनी वर आली नाही. बराच वेळ गेटबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभी होती. क्षितिजाने अ‍ॅपवरून पिशवीचं दूध मागवलं. चहाला काही विशेष फरक पडत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

तपास केला. तो एकतीस माणसांचा नंबर सगुणाबाईच्या मुलाचा, कैलासचा आहे.

रात्री जेवताना निषाद म्हणाला, "बाबा, सरळ आहे. तिच्याकडे फोन नाही, ती मुलाचा देते. खोल्यांतले भाडेकरूही घरमालकाचाच देत असतील. सिम रोज बदलतात ते लोक." मी म्हणालो, असं असेल तर तो त्यांचा निष्काळजीपणा आहे. गेटवर दुसऱ्याचा नंबर देणं हीच मुळात खोटी माहिती. माझी जोडणी बरोबर आहे.

निषाद म्हणाला, "जोडणी बरोबर असेल हो."

नलिनीने भात अर्धा टाकला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

काल लिहायला झालं नाही. काल सोसायटीत पाणी नव्हतं.

दोन दिवसांआड येणारे टँकर सकाळी आले आणि गेटवर लाल. ड्रायव्हरही कैलासचेच, नंबरही त्याचाच. मनीषने नियमाप्रमाणे परत पाठवले. दुपारपर्यंत वरच्या मजल्यांचे नळ कोरडे पडले. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांनी आई-बाप काढले. कुणीतरी माझ्या सत्काराचा फोटो टाकून खाली लिहिलं, "अंघोळीला बोलवा यांना." मी ग्रुप सोडला.

इंद्रजितने मात्र चपळाई दाखवली. दुपारी फोन करून म्हणाला, टँकरच्या गाडी-नंबरांना सूट द्या. मी दिली. दहा ओळींचं काम. संध्याकाळी नळाला पाणी.

रात्री नलिनी पाठमोरी भांडी लावत होती. म्हणाली, "पाण्याला सूट मिळाली."

मी म्हणालो, पाणी अत्यावश्यक आहे.

"बरं," ती म्हणाली.

चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या 'बरं'ची मला सवय आहे. हे वेगळं होतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

नलिनी रोज सकाळी रिकामं पातेलं घेऊन खाली जाते. सगुणाबाई आता आमच्या गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला बसते. नलिनी तिच्याजवळ उकिडवी बसते. ये-जा करणाऱ्या गाड्यांची धूळ दोघींच्या अंगावर. पहिल्या दिवशी ती एकटी होती, आज आमच्या विंगेतल्या आणखी दोघी-तिघी होत्या. पण बहुतेकांना खाली उतरायचा कंटाळा. पिशवी दारात येते.

चेअरमनच्या मते हे सोसायटीला शोभत नाही. "काकूंना सांगा जरा," असं तो मला म्हणाला. मी नलिनीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि दुसरं पातेलंही घेतलं.

आज कैलासने मला रस्त्यात गाठलं. मी पेपर आणायला निघालो होतो, त्याने गाडी आडवी घातली. अंगावर आला नाही, पण आवाज चढवला. म्हणाला, "आमच्या घरात समद्यांनी माझाच नंबर दिलाय, वर्सानुवर्सं. आता रंगाऱ्यांना काम न्हाई, फरशीवाल्यांना न्हाई. सहा खोल्या रिकाम्या झाल्या. आईचं दूध नासतंय. काय गुन्हा केला म्हनून?"

मी त्याला तांत्रिक बाजू समजावू लागलो. त्याने हात वर केला.

"साहेब, तुमच्याकडं माझा नंबर चोर हाय. मग चोराच्या हिरीचं पानी गोड कसं लागतं तुमाला?"

आजूबाजूला लोक थांबले होते. एकानेही माझी बाजू घेतली नाही. त्यात सत्काराला टाळ्या वाजवणारे दोघे होते. असली माणसं.

मंगळवार, २ डिसेंबर

वगळलेला रकाना उघडून पाहिला. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझा मीच. काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

टेकडीखालच्या सोसायटीत कैलासच्या नंबरापुढे कारण लिहिलंय: "पेंट का शेड अलग निकला, पेंटर ने बहस किया."

एवढंच. चोरी नाही, मारामारी नाही. कुणा घरमालकिणीला भिंत बदामी हवी होती, ती पिवळी दिसली. रंगारी उलट बोलला. तो रंगारी कैलासच्या खोलीत राहायचा, म्हणून त्याने कैलासचा नंबर दिला होता. आता तो कुठे आहे कुणास ठाऊक.

मग बाकीच्या काळ्या खुणांची कारणंही वाचली. बाईने सुट्टी जास्त घेतली. ड्रायव्हरने लिफ्ट वापरली. इस्त्रीवाल्याने शर्ट हरवला, पुढे कंसात "मिल गया". काही खऱ्या चोऱ्याही आहेत, नाही असं नाही. पण थोड्या.

संध्याकाळी इंद्रजितकडे गेलो. म्हणालो, कारणाचा रकाना जोडला पाहिजे, आणि तोवर लाल पट्टी बंद ठेवली पाहिजे. तो ट्रेडमिलवर चालत होता, उतरलाही नाही. "सर, आता हे नऊ सोसायट्यांचं आहे. आणि चोऱ्या थांबल्यात की नाही?" मी म्हणालो, चोऱ्या आधीही दोनच झाल्या होत्या. तो म्हणाला, "मग दोन थांबल्या."

निदान सगुणाबाईचा नंबर तरी काढू दे, म्हणालो. तर म्हणतो, "तुमच्या घरच्यांची दूधवाली म्हणून? मग उद्या माझ्या बायकोची बाई. नियम तुमचाच आहे, सर."

घरी येऊन डेटाबेस उघडायला गेलो. माझा पासवर्ड चालेना. बदलला आहे.

बुधवार, ३ डिसेंबर

सकाळी बाल्कनीतून खाली पाहिलं. नलिनी एकटीच पातेलं घेऊन उभी होती. सगुणाबाई आली नव्हती. नलिनी उभी राहिली, मग कठड्यावर बसली, मग पुन्हा उभी राहिली. मनीषने तिला त्याची प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. ती उन्हं वर येईपर्यंत बसून होती.

वर आल्यावर मला म्हणाली, "दोन म्हशी विकल्या त्यांनी. कैलासने फोनवर सांगितलं."

मी विचारलं, कैलासचा नंबर तुझ्याकडे आहे?

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाल्कनीत निघून गेलो. पाठमोराच होतो, तेव्हा तिचं ऐकू आलं: "इथं आल्यापासून एक माणूस मला रोज विचारायचं, झोप लागली का म्हणून. तुम्ही त्याला लाल केलंत."

मला ठाऊक नव्हतं तिला झोप लागत नाही ते.

गुरुवार, ४ डिसेंबर

इंद्रजितने पासवर्ड बदलला, पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. नऊही सोसायट्यांच्या जोडण्या माझ्या बाल्कनीतल्या लॅपटॉपमधून जातात. खर्च मंजूर करायचा नव्हता ना? परके तक्ते परक्यांच्याच घरी आहेत. मधला पूल माझ्या टेबलावर आहे.

दुपारी मी तो बंद केला. नुसता बंद नाही, सगळ्या जोडण्या काढून टाकल्या, दिलेल्या किल्ल्या पुसल्या, आणि नऊही मॅनेजरांना कळवलं की आपापले पासवर्ड बदला. शेवटी वायर काढून लॅपटॉप कपाटात ठेवला.

इथे स्पष्ट लिहून ठेवतो की हे मी इंद्रजितच्या उद्धटपणामुळे केलं. माझा पासवर्ड बदलतो म्हणजे काय?

क्षितिजाने लगेच बाल्कनीत दोरी बांधली.

नलिनीला म्हणालो, बंद केलं सगळं. ती चादरीची घडी घालत होती. म्हणाली, "टोक धरा." मी टोक धरलं. घडी झाली.

रविवार, ७ डिसेंबर

समितीची नोटीस आली. सोसायटीच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल खुलासा द्या. लॅपटॉप निषादचा, वीज आमची, डोकं माझं, आणि मालमत्ता सोसायटीची. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे पाठ करून उभे राहतात. बी विंगच्या एका बाईने नलिनीला ऐकवलं, आता चोऱ्या झाल्या तर कुणाला विचारायचं? नलिनी म्हणाली, "यांनाच विचारा, घरीच असतात."

निषाद म्हणाला, "बाबा, इंद्रजित पुण्यातली एक कंपनी आणतोय. पुढच्या महिन्यात हेच पुन्हा बसवणार." मी विचारलं, जोडणार कशावर? तो म्हणाला, "मोबाइल नंबरवरच. तुमचंच डिझाइन दिलंय त्यांना."

खुलाशात मी फक्त कारणाच्या रकान्याविषयी लिहिलं. दोन पानं झाली. वाचणार कोण?

लाल पट्टी गेल्याला तीन दिवस झाले. गेट उघडं आहे. सगुणाबाई आली नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

सकाळी नलिनी पातेलं घेऊन निघाली तेव्हा मीही चप्पल घातली. तिने या म्हटलं नाही, येऊ नकाही म्हटलं नाही. रिक्षा केली. नांदे रस्त्याला एका वळणावर तिने स्वतःच "इथं, दादा" म्हणून थांबवली. कुणाला पत्ता विचारावा लागला नाही.

ओळीने खोल्या, निम्म्यांना कुलपं. पुढे शेणाने सारवलेलं मोठं अंगण, कडेला गोठा, त्यात तीन म्हशी आणि दोन रिकामी दावी. कुत्रं माझ्यावर धावून आलं. नलिनीने नाव घेऊन हाक मारली तसं शेपूट हलवत तिच्या पायात गेलं. नाव घेऊन. ती सरळ अंगण ओलांडून गेली, वाटेत एका म्हशीच्या कपाळावर हात ठेवून गेली. दुपारी ती बागेत असते असं मी धरून चाललो होतो.

सगुणाबाई दारात आली. "आत या, ताई. चुलीवर च्या ठेवलाय."

मी अंगणाच्या कडेला होतो. काय बोलायचं ते रिक्षात जुळवलं होतं. म्हणालो, सगुणाबाई, ते आता बंद केलं आहे मी. चूक कारणाच्या रकान्याची होती, तो वगळायला नको होता.

तिने ऐकून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"तुमी हितंच थांबा, साहेब," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी थांबलो. कैलास गोठ्यातून बाहेर आला, माझ्याकडे बघून पुन्हा आत गेला. ऊन वर आलं. आतून नलिनीचा आवाज येत होता, आमच्या वाशीमकडच्या बोलीत, मोठ्याने, मध्येच हसून. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मी विसरलो होतो. काय बोलत होती ते नीट कळलं नाही. एकदा माझं नाव आल्यासारखं वाटलं, मग दोघी गप्प झाल्या, मग पुन्हा सुरू.

त्या अंगणाला गेट नाही. कुंपण नाही, वॉचमन नाही, साधा दोर आडवा बांधलेला नाही. चार पावलं टाकली असती तर मी चुलीपाशी पोहोचलो असतो.

मी तिथेच उभा राहिलो, नलिनी बाहेर येईपर्यंत.